जर्मनीत वाहतुकीचे दंड खरंच एवढे जबर असतात का? न भरता भारतात परतलं तर काय होतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बरीच वर्षं गाडी चालवली आहे, कंपनी वर्षभरासाठी स्टुटगार्टला पाठवतेय आणि तिथून भाड्याच्या गाडीने इटलीपर्यंत जायचा बेत आहे. मी नोकरीनिमित्त त्याच शहरात राहून आता कोथरूडला परतलोय, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. दंड बुडवायचा विचार डोक्यातून काढूनच टाका. तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि दंडाचं पत्र त्याच पत्त्यावर येतं. गाडी भाड्याची असली तर कंपनी तुमचं नाव-पत्ता सरकारी खात्याला कळवून मोकळी होते, वर त्या कामाचे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. दंडाचा रीतसर आदेश आला की मूळ रकमेवर 28.50 युरो खर्च चढतो. हरकत घ्यायची तर पत्र हातात पडल्यापासून दोन आठवडे मिळतात. पत्र बाजूला टाकून दिलंत, तर पैसे भरायला भाग पाडण्यासाठी कोठडीत ठेवण्याचीही तरतूद कायद्यात आहे. 70 युरो आणि त्यापुढचे दंड युरोपीय संघातले देश एकमेकांसाठी वसूल करू शकतात, म्हणजे शेजारच्या देशात राहायला गेलात तरी पाठ सुटत नाही.

आता रकमा. शहरात मर्यादेपेक्षा 16 ते 20 किलोमीटरने जास्त वेग असेल तर 70 युरो. 21 ते 25 जास्त असेल तर 115 युरो आणि एक पॉइंट, म्हणजे चालकाच्या नावावर चुकीची नोंद. 31 च्या पुढे गेलात की 260 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आठ पॉइंट झाले की लायसन गेलं. आकडे मोठे आहेत, पण माझ्या मते खरा फरक रकमेत नाही. तिथे गाडी कोण चालवत होतं ते शोधतात. कॅमेरा समोरून फोटो काढतो, त्यात चेहरा आणि नंबरप्लेट दोन्ही येतात, आणि गाडीच्या मालकाला पत्र येतं की त्या वेळी चालवत कोण होतं ते कळवा. पॉइंट चढतात ते चालवणाऱ्याच्या नावावर.

आपल्याकडे चलन येतं ते गाडीच्या नंबरावर. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला त्यांचा मोबाइल दाखवला होता. गाडी त्यांच्या नावावर, चालवतो नातू. फोटोत नातू विनाहेल्मेट, मागे मित्र, तोही विनाहेल्मेट, गाडी झेब्रा क्रॉसिंगवर उभी. मेसेज आजोबांना, पैसे आजोबांचे, नातवाला पत्ताच नाही. त्यांच्याकडे अशी बरीच चलनं साठली होती आणि ते लोकअदालतीची वाट बघत होते, कारण तिथे तडजोडीत रक्कम कमी होते हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. अशा दंडाने नातवाची सवय कशी सुटणार? मला हे मनापासून खटकतं. दंड माफक असला तरी चालेल, पण तो लगेच लागावा आणि ज्याच्या हातात हँडल होतं त्यालाच लागावा. (चलनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो: व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावाने एखादी एपीके फाइल आली तर ती उघडू नका, बँक खातं रिकामं होतं. राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा.)

जर्मनीत पुणेकर हमखास फसतो ते गावाच्या वेशीवर. रस्त्याकडेला पिवळ्या पाटीवर गावाचं नाव असतं. त्या पाटीपासून मर्यादा 50, वेगळा आकडा कुठेही लिहिलेला नसला तरी. गाव संपताना तीच पाटी तिरपी लाल रेघ मारलेली दिसते, आणि मग पुन्हा 100. आपल्याला पाटी म्हणजे फक्त गावाचं नाव वाटतं, त्यामुळे आपण 80 ने आत शिरतो, आणि कॅमेरा बहुतेकदा तिथेच कुठेतरी असतो. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, काही पट्ट्यांत मर्यादा नाही हे खरं, पण 130 हा सरकारी सल्ला आहे. त्यावर जाऊन अपघात झाला तर तुमची चूक नसतानाही भरपाईतला काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. वाहतूक तुंबायला लागली की सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधे अँब्युलन्ससाठी वाट ठेवायची. न ठेवल्यास किमान 200 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर बंदी. गाड्या अशा दोन बाजूंना सरकून मधून वाट मोकळी होताना मी पाहिलंय, आणि दर वेळी मला संध्याकाळी कर्वे रस्त्यावर अडकलेली अँब्युलन्स आठवायची.

दारूबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. कागदावर आपला कायदा त्यांच्यापेक्षा कडक आहे. आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा. जर्मनीत साधारण चालकाला ही मर्यादा 50 आहे, पण तिथे पहिल्याच खेपेला 500 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर बंदी.

याहून महत्त्वाचं म्हणजे धडक. पार्किंगमधून गाडी काढताना दुसऱ्याच्या गाडीला घासली, तर पुण्यात माणूस इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो. फार तर मालक भेटला तर थोडी बाचाबाची होते आणि जागच्या जागी पाचशेवर मिटतं. जर्मनीत तिथून निघून जाणं हा फौजदारी गुन्हा आहे. वायपरखाली फोन नंबरची चिठ्ठी ठेवली तरी पुरत नाही. मालकाची वाजवी वेळ वाट बघायची, तो आला नाही तर 110 वर पोलिसांना कळवायचं. कुणाला लागलं असेल तर 112. गाडीत तिकोनी फलक, चमकणारं जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी असायलाच हवी, ताब्यात घेतानाच डिकी उघडून बघा. मदत करण्यासारखी असताना न करणं हाही तिथे गुन्हा.

आपल्या मोटार वाहन कायद्यातही कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं कर्तव्य आहे. 2019 च्या दुरुस्तीने 134-अ आलं, त्यामुळे मदत करणाऱ्या वाटसरूला दिवाणी-फौजदारी कसलाही त्रास होऊ नये असं संरक्षण आहे. तरीही लोक ‘पोलिसांच्या भानगडीत कशाला पडा’ म्हणत बघत उभे राहतात. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला तिथे अवजड गाड्या न्यूट्रलमध्ये सोडतात आणि मग ब्रेक लागत नाहीत. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने ओळीने कितीतरी गाड्यांना ठोकलं. अशा जागी जखमीला पहिला हात कोण देतो त्यावर जीव अवलंबून असतो, म्हणून हे कलम प्रत्येकाला माहीत हवं.

इटलीत मात्र वेगापेक्षा गल्ल्या जपा. जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. खूण म्हणजे पांढरी गोल पाटी, लाल कड, आणि वर कॅमेरा. अडवायला कुणी नसतं. माझा मेहुणा फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधत एकाच गल्लीतून दोनदा फिरला. काही महिन्यांनी सिंहगड रस्त्यावरच्या घरी रजिस्टर्ड पोस्टाने दोन पत्रं आली, दोन्हीवर तीच तारीख, तोच नंबर, वेळेत काही मिनिटांचा फरक. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. परदेशी माणसाला असं पत्र पाठवायला त्यांच्याकडे 360 दिवस असतात. पाच दिवसांत भरलं तर 30 टक्के सूट मिळते, ती घ्या. हॉटेल त्या भागातच असेल तर आधी फोन करून तुमचा नंबर पालिकेकडे नोंदवायला सांगा.

कागदपत्रांचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओतून जाण्यापूर्वीच काढा, तो वर्षभर चालतो. पण जर्मनीत राहायला गेल्यापासून भारतीय लायसन सहाच महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यामुळे इटलीची सहल पहिल्या सहा महिन्यांतच बसवा. स्वित्झर्लंडमधून गेलात तर महामार्गासाठी 40 फ्रँकचा वार्षिक व्हिन्येट (टोलचा पास) लागतो, तो नसेल तर 200 फ्रँक दंड आणि व्हिन्येटचे पैसे वेगळे. भाड्याची गाडी कुठकुठल्या देशांत नेता येते ते करारात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तेवढं कलम वाचा, आणि गाडीवरच्या आधीच्या ओरखड्यांचे फोटो तिथेच काढून ठेवा.