हीट पंपाची चौकशी आली, आता काय विचारायचं?

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि पाणी तापवणारं विजेचं यंत्र. ते विकायच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात इतक्या चौकश्या हातात पडल्या म्हणून गांगरू नका. सगळ्यांना एकच कोटेशन धाडायची चूक इथे ब्रिटनमध्ये आम्हीही केली आहे. फोनवर तीनच गोष्टी विचारा.

१. घर कुठे, कुणाचं? इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदान योजनेतून एअर-टू-वॉटर (हवेतल्या उष्णतेने रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या) पंपाला ७,५०० पौंड मिळतात. अर्ज इन्स्टॉलरने (पंप बसवणाऱ्या कंपनीने) करायचा आणि रक्कम बिलातून वजा करायची. स्कॉटलंडची योजना वेगळी, तिथे अनुदानाबरोबर बिनव्याजी कर्जही आहे. फोन भाडेकरूचा असेल तर आधी घरमालक गाठा.

२. सध्या काय बसवलंय? इथे घाई नको. कॉम्बी बॉयलर (नळाचं पाणी लागेल तसं थेट तापवणारा) असलेल्या घरात गरम पाण्याची टाकी नसते, म्हणजे पंपासाठी ती ठेवायला जागा शोधणं आलं. (‘कपाट आहे की’ म्हणणाऱ्यांकडून कपाटाची मापं मागवाच!) रेडिएटरचे पाइप बारीक, ८-१० मिमीचे असतील तर काम वाढू शकतं. बॉयलर ठेवून त्याच्या जोडीला चालणारा हायब्रिड पंप हवा असेल, तर हे अनुदान विसरायचं.

३. पैसे कसे भरणार? अनुदान वजा करून उरलेला आकडा हाती येईपर्यंत हप्त्यांची भाषा नको. आणि ग्राहकाची कर्जदात्याशी गाठ घालून द्यायची तर कंपनीला फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीची (ब्रिटनच्या वित्त नियामकाची) परवानगी लागते, ती आहे का ते साहेबांना आजच विचारा.

हीट लॉसचं (घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचं) गणित सर्व्हेअरवर सोडा. तुम्ही सध्या बॉयलरचा फोटो मागवायला शिका.