टॅगवर लेदर, बिलात प्लास्टिक

प्रश्न : मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते, नोकरी ऐरोलीत. गेल्या भाऊबीजेला भावाने नौपाड्यातल्या एका दुकानातून मला ८,९०० रुपयांची लेदर हँडबॅग घेऊन दिली. कडक, खाली ठेवली तरी ताठ उभी राहणारी. मी सोबत होते. ‘रोज लोकलने जाते, लॅपटॉप, डबा आणि पाण्याची बाटली असते,’ असं मी दुकानदाराला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘बिनधास्त घाला, जेन्युइन लेदर आहे.’ फेब्रुवारीत एका हँडलचं बूड उचकटलं, ते त्याने फुकट शिवून दिलं. एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. शिवाय खालच्या दोन कोपऱ्यांवरचा रंग पापुद्र्यासारखा निघून आतलं पांढरं विणलेलं कापड दिसायला लागलं. आता तो म्हणतो, सेलमधला माल परत घेत नाही, तीस दिवस उलटले, बिल भावाच्या नावावर आहे म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, आणि गर्दीत ओढाताण तुम्हीच केली असणार. फार तर २,००० रुपयांची क्रेडिट नोट देईन म्हणतो. भाऊ म्हणतो, सोडून दे. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, कोपरा काडीने जाळून बघ, लेदर असेल तर कळेल. खरं सांगायचं तर ही बॅग रिकामीच जड आहे आणि डबा आडवा ठेवावा लागतो. काय करू? बिल, टॅग आणि फोटो पाठवत आहे.

उत्तर : आधी ती काडी खाली ठेवा. बॅग हा तुमचा पुरावा आहे. तो जाळून पाहिलात, तर उद्या समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल की बाकीचे पापुद्रेही तुम्हीच काढले नाहीत कशावरून? आणि जाळायची गरजही नाही. तुम्हाला हवं ते दुकानदाराने स्वतःच लिहून दिलंय.

फोटोंच्या आधी मी तुमचं बिल पाहिलं. वस्तूचं नाव नुसतं ‘लेडीज हँडबॅग’ आहे, ‘लेदर’ शब्दच नाही. पण शेजारच्या रकान्यात एचएसएन कोड छापलाय, ४२०२२२. जीएसटीसाठी प्रत्येक मालाला असा आकडा असतो. हँडबॅगचं बाहेरचं आवरण चामड्याचं किंवा चामड्याचा चुरा दाबून केलेल्या शीटचं असेल तर ४२०२२१. ते प्लास्टिकच्या शीटचं किंवा कापडाचं असेल तर ४२०२२२. म्हणजे टॅगवर ‘जेन्युइन लेदर’ आणि सरकारदरबारी दाखवायच्या कागदावर प्लास्टिक! एवढ्याने खटला जिंकला असं समजू नका. ‘बिलिंगच्या पोराने चुकीचा कोड टाकला’ हे उत्तर तयारच असतं. पण ते उत्तर त्याला शपथेवर द्यावं लागेल, आणि कोपऱ्यातून डोकावणारं पांढरं कापड त्याच्या विरोधात बोलत असेल.

त्या कापडाचं महत्त्व समजून घ्या. स्वस्त लेदरवरही पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, थर चढवतात. तो थर सोलला गेला तर खाली चामड्याचा धागेदार, उसवल्यासारखा भाग दिसतो. आडव्याउभ्या विणीचं कापड दिसलं, तर ते रेक्झीनच्या जातीचं आहे. आता तो म्हणेल, टॅग फक्त हँडलचा आहे, हँडल खरंच लेदरचं आहे. कदाचित असेलही. पण सबंध बॅगेला लटकवलेला टॅग ग्राहकाने एका हँडलपुरता वाचावा, ही अपेक्षा कोणत्याही ग्राहक आयोगाला पटवणं अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार मालाचा दर्जा किंवा घटक याबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तुमची तक्रार मुख्यतः यावर उभी करा, हँडलवर नाही.

‘तुम्ही ग्राहकच नाही’ हे ऐकून मला हसू आलं. या हिशेबाने भाऊबीजेची, लग्नातली, वाढदिवसाची कुठलीच भेट बिघडली तर दाद मागता येणार नाही. कलम २(७) मध्ये स्पष्ट आहे की पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारा माणूसही ग्राहकच. पैसे भावाने यूपीआयने दिले, बॅग तुम्हाला दिली, एवढं पुरे. तक्रार तुमच्या नावाने करा.

तीस दिवसांचं जे तो सांगतो, त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) खालीच अनुचित प्रथा आहे. तुम्ही गेलात साडेतीन महिन्यांनी, तेव्हा या एका मुद्द्यावर तुमचा दावा लंगडा आहे. पण त्या तीस दिवसांनी तुमचे बाकीचे हक्क संपत नाहीत. वस्तूतला दोष आणि खोटं वर्णन यांबद्दल जिल्हा आयोगाकडे जायला कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं मिळतात. मी मुदत खरेदीच्या दिवसापासूनच मोजायला सांगते, म्हणजे वादच नको.

सेलचं म्हणाल, तर ‘हा पीस डागी आहे, म्हणून स्वस्त’ असं दाखवून दिलं असतं आणि तुम्ही तो डाग पाहून घेतला असता, तर त्या डागाबद्दल बोलता आलं नसतं. नुसत्या दिवाळी सेलने रेक्झीनचं लेदर होत नाही.

आता हँडल. तुम्ही नेमका उपयोग सांगितला होता, हे फार बरं केलंत. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये असं आहे की ग्राहकाने विशिष्ट उपयोग सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर माल त्या उपयोगाला पुरेसा हवा. लॅपटॉप, डबा, बाटली आणि लोकल हे सगळं त्याला ठाऊक होतं, त्यामुळे ‘गर्दीत ओढलीत’ हा बचाव त्याच्याच अंगावर येतो. ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाणे-नवी मुंबई मार्गावरची, सकाळची गाडी कशी असते हे ठाण्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. फक्त हे संभाषण तोंडी झालं. त्यासाठी भावाचं प्रतिज्ञापत्र घ्या, तो शेजारीच उभा होता. शिवाय फेब्रुवारीत तुम्ही फोटो पाठवल्यावर ‘हँडल सैल बसलंय, करून देतो’ असा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे, तो सोन्यासारखा जपा. फोन बदलणार असाल तर जुना विकू नका. त्या चॅटच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलं की हरकत घ्यायला जागा उरत नाही.

हँडलचा एक फोटो मात्र पुन्हा काढा, आतल्या बाजूने, अस्तर थोडं उचलून, फाडून नव्हे. या उभ्या राहणाऱ्या बॅगांचा ताठपणा आतल्या पुठ्ठ्याचा असतो. हँडलची शिलाई किंवा रिव्हेट मजबूत पट्टीतून आरपार न घेता नुसत्या पुठ्ठ्यात रोवली असेल, तर तुम्ही कितीही हळुवार वापरलीत तरी ती निघणारच. कडा कापल्यासारखी आहे की रिव्हेट भोकासकट उपटून आलाय, हे फोटोत दिसलं पाहिजे. आणि कृपा करून स्टेशनबाहेरच्या बॅग शिवणाऱ्याकडे आत्ता देऊ नका.

जडपणा आणि आडवा डबा यांवर मात्र मी तुम्हाला काहीच मिळवून देऊ शकत नाही. बॅग रिकामी जड आहे, हे दुकानात हातात घेतल्यावर कळत होतं. पाहून कळण्यासारखी गोष्ट तुम्ही पाहून घेतली, तिथे दुकानदाराचा दोष नाही. तक्रारीत हे लिहूच नका. लिहिलंत तर समोरचा म्हणेल, बाईंना बॅग आवडेनाशी झाली म्हणून हा खटाटोप. पुढच्या वेळी स्वतःचा डबा दुकानात नेऊन बॅगेत घालून पाहा, कडेला रंगाखाली काय आहे ते बघा, आणि बिलावर ‘बाहेरील आवरण अस्सल चामडे’ एवढं लिहून मागा. जो लिहायला कां-कूं करेल, त्याच्याकडून घेऊ नका. माझी स्वतःची कोर्टाची बॅग कॅनव्हासची आहे, तेव्हा माझ्या चवीवर विसंबू नका.

आता करायचं काय. क्रेडिट नोट घेऊ नका. त्या कागदावर बहुतेक वेळा ‘आता कोणतीही तक्रार उरली नाही’ अशी ओळ असते, आणि सही केल्यावर ती आपल्याला दिसते. दुकानदाराला साध्या मराठीत पत्र लिहा, स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती ठेवा. पत्रात खरेदीची तारीख, टॅगवरचे शब्द, बिलावरचा कोड, दोन्ही वेळचा बिघाड आणि ८,९०० रुपये पंधरा दिवसांत परत करण्याची मागणी येऊ द्या. टॅगवर उत्पादकाचं नाव-पत्ता असेल तर त्यालाही प्रत पाठवा. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. ती दुकानदाराला आदेश देऊ शकत नाही, पण कोड आणि टॅग समोरासमोर ठेवलेलं पत्र हाती पडल्यावर यातली बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. जीएसटीच्या बिलावर चर्चा व्हावी अशी कुठल्याच दुकानदाराची इच्छा नसते.

नाहीच मिटलं, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील लागतोच असं नाही. माझ्या धंद्याला न शोभणारं बोलते, पण ८,९०० च्या बॅगेसाठी वकील लावू नका. नोटीस मिळाल्यावर दुकानदाराला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा. तपासणी मात्र आपणहून मागू नका. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तरच आयोग नमुना पाठवतो, आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, चामडं की नाही हे तिथे नक्की कळेल. पण तुमच्या कोपऱ्यातलं कापड उघड्या डोळ्यांना दिसतंय. आधी तेच दाखवा.

मागणी आटोपशीर ठेवा. बॅगेची किंमत, त्रासाबद्दल थोडी भरपाई आणि अर्जाचा खर्च. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितले, तर ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

आणि भावाला सांगा, तुला फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे आणि यूपीआयच्या त्या दिवसाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट द्यायचा आहे. बाकी माझं मी बघते.