प्रागला पहिल्यांदा मिशनवर चाललायस ना, मग हे वाच

जय ख्रिस्त! पहिल्या दोन दिवसांवरून शहराबद्दल मत बनवू नकोस. ट्राममध्ये कोणी हसत नाही बोलत नाही, मला तर वाटलं चिडलेत की काय, पण दुकानात शिरताना नुसतं 'दोब्री देन' (चेक भाषेतला नमस्कार) म्हटलं की चेहरा सैल होतो. कागदी तिकीट असेल तर चढल्याबरोबर मशीनचा शिक्का मार, मी विसरलो आणि दंड भरला. आणि उतरल्या उतरल्या पत्रकं वाटत सुटू नको रे. ओल्ड टाऊनच्या चौकात यान हुसचा पुतळा आहे, चर्चवर टीका करणारा इथला धर्मसुधारक, त्याला १४१५ मध्ये जिवंत जाळलं, त्या पुतळ्यापाशी जरा बस, मग कळतं की या लोकांना धर्म नवीन नाहीये, फार जुना कडू अनुभव आहे, वर ४० वर्षं कम्युनिस्ट राजवट. बूट मात्र चांगले घे, दगडी रस्ते पायांची वाट लावतात.