वायोमिंगमधल्या रँचवरच्या जुन्या पवनचक्क्या आणि विहिरी नकाशावर कशा शोधाव्यात?

यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था) टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर १८८४ ते २००६ मधले नकाशे फुकट मिळतात. जिओटिफ (जागेचे आकडे जोडलेली नकाशाची चित्रफाइल) उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. शक्यतो १:२४,००० प्रमाणाचाच नकाशा घ्या. त्यावर १ सेंमी म्हणजे २४० मीटर, त्यामुळे पवनचक्की, गुरांचं तळं सुटं दिसतं.

साल वाचताना घाई नको. सर्वेक्षण, हवाई छायाचित्रं आणि छपाई यांची वर्षं वेगवेगळी असतात. नकाशावर जांभळ्या रंगात छापलेले नंतरचे बदल तर केवळ छायाचित्रांवरून घातलेले, जागेवर न तपासलेले. हद्दीच्या वादात त्यांवर मुळीच विसंबू नका.

खरा घोळ डेटमचा, म्हणजे जागेचे आकडे ज्या आधारावर मोजतात त्या संदर्भाचा. जुने नकाशे बहुधा एनएडी २७ या डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. नकाशावरचे यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारे) आकडे तसेच जीपीएसमध्ये भरले, तर विहीर सुमारे २०० मीटर चुकते. आधी डेटम बदला, मगच निघा.