पिल्लाला हात लावण्याआधी

प्रिय पोरी,

लिंबाखाली सापडलेल्या बुलबुलाच्या पिल्लाचा फोटो पाहिला. घरात आणू का, विचारतेस. नको. अंगभर पिसं, आखूड शेपूट, फांदीला घट्ट धरलेले पाय. ते घरट्यातून उतरण्याच्या वयाचं आहे. बुलबुलाची पिल्लं साधारण १२ ते १४ दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. पुढे काही दिवस आईबाप त्यांना झुडपात येऊन भरवतात. मांजर फिरत असेल तर पिल्लाला जवळच्याच दाट झुडपात ठेव आणि मागे हो. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं, तर ते परत घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही ऐकीव गोष्ट आहे. चोचीत पाणी मात्र घालू नकोस. श्वासनलिकेचं तोंड जिभेमागेच असतं. पाणी फुप्फुसात जातं आणि पिल्लू दगावतं.

आता निरीक्षणाचं. लांब राहा. दुर्बीण कशाला घेतलीस मग? आडोशाला बस आणि पक्ष्याकडे बघ. चोचीत अळी धरून तो फांदीवरच अडून बसला, शेपूट झटकत ओरडत राहिला, तर तो तुझ्यामुळे अडलाय आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी आहेत. दहा पावलं मागे हो. तरी जात नसेल तर ऊठ आणि निघ. अंतर तो ठरवणार, तू नाही.

नीट लांब बसलीस की खूप दिसतं. भरवून झालं की पिल्लू पाठ वळवतं, शेपटाखालून पांढरी, गुळगुळीत पिशवी बाहेर येते, तीच विष्ठा. आई ती अलगद चोचीत धरते आणि दूर नेऊन टाकते. घरटं स्वच्छ राहतं. हे टिपून ठेव, वेळेसकट.

फोटोसाठी डहाळी बाजूला करू का, हा प्रश्न वाचून मात्र राग आला. ती पानं म्हणजे पिल्लांची सावली आणि लपण. ती हटली की ऊन थेट लागतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला घरटं उघडं दिसतं. पिसं फुटलेल्या पिल्लांजवळ गेलीस तर ती घाबरून वेळेआधीच उड्या टाकतात. लांब राहा, पुन्हा सांगते.

घरट्याची जागा मी कुणालाच सांगत नाही, घरच्यांनाही नाही. खडूस म्हणतात, म्हणू देत. बघायला येणारा प्रत्येक जण एकदाच येतो, पण अंड्यांवरून उठावं लागतं ते पक्ष्याला, दर वेळी. यात मी तसूभरही मागे हटणार नाही.

टिटवीचं वेगळं. ती उघड्या ढेकळांत अंडी घालते, बहुधा चार, आणि ती उबवायला जवळपास महिना लागतो. नांगराखाली जाऊ नयेत म्हणून खूण हवीच, पण काठी अंड्यांना लागून रोवू नकोस. दोन बाजूंना, चार-चार पावलांवर रोव आणि मधला तुकडा तसाच सोड.

आणि फवारणी. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. म्हणून पिल्लं बाहेर पडून स्वतः खाऊ लागेपर्यंत त्या झाडावर आणि आसपासच्या वाफ्यांवर औषध मारू देऊ नकोस.