गॉब्लिन, पणी आणि पाताळयंत्री

प्रश्न असा आला आहे: "वॉरक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या जगात घडणारी एक कथा मराठीत लिहितो आहे. त्यातले गॉब्लिन व्यापारी आहेत, कारस्थानी आहेत आणि पैसे मिळाले तर कुणाच्याही बाजूने लढतात. त्यांना पिशाच्च म्हणू, बुटके म्हणू की यक्ष? आणि मर्सिनरीला 'भाडोत्री सैनिक' सोडून दुसरा शब्द आहे का?"

आधी पिशाच्च बाजूला ठेवू. मूळचा गॉब्लिन भुताच्याच जातीचा होता, हे खरं. ऑर्डेरिक व्हिटालिस या बाराव्या शतकातल्या भिक्षूने नॉर्मंडीतल्या एव्ह्रो गावाला छळणाऱ्या एका भुताचा उल्लेख केला आहे, आणि तिथले लोक त्याला गोबेलिन म्हणत. जर्मन खाणकामगारांचा कोबोल्ड हा त्याचा भाऊबंद असावा, असं काही व्युत्पत्तिकार मानतात. चांदी न देता विषारी धूर सोडणारं खनिज हाती लागलं की खाणीतली माणसं कोबोल्डला शिव्या घालत. अठराव्या शतकात त्या खनिजातून नवा धातू निघाला तेव्हा त्याला कोबाल्ट हेच नाव चिकटलं.

पण आपल्या भुतांची नावं निराळ्या रीतीने पडली आहेत. मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. वासना राहून गेलेला ब्राह्मण तो समंध. यातल्या प्रत्येक नावात एका माणसाचा मृत्यू आहे. वॉरक्राफ्टचा गॉब्लिन मेलेला नाही. तो जेवतो, कर्ज काढतो, दुकान मांडतो, त्याला पोरंबाळं होतात. त्याला पिशाच्च म्हटलंत की मराठी वाचक पहिल्याच ओळीत विचारणार, हा मेला कधी?

भूत आणि व्यापार यांची गाठ आपल्याकडे एका ठिकाणी पडते, ती कोकणातल्या बायंगीत. बायंगी विकत आणता येते, ती घरात पैसा आणते आणि तिच्या अटी मोडल्या तर मालकाचंच वाटोळं करते, अशी समजूत आहे. मात्र तिथे भूत हा माल आहे. तुम्हाला दुकानदार हवा आहे.

'बुटके' तर नकोच. तो उंचीवरून केलेला शेरा झाला, त्यात जमात दिसत नाही. यक्षही बसत नाही. कुबेराचे यक्ष धन राखतात, विकत नाहीत, आणि महाभारतात तळ्याकाठी प्रश्न विचारणारा यक्ष म्हणजे साक्षात धर्म. त्या शब्दाला एक गांभीर्य आहे, ते उगाच खरवडू नये.

माझ्या मनात खरा मोह आहे तो पणी या शब्दाचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८वं सूक्त जरूर वाचा. पणींनी गाई डोंगरात कोंडून ठेवल्या आहेत. इंद्राची दूत म्हणून देवांची कुत्री सरमा रसा नदी ओलांडून तिथे पोचते. पणी आधी तिची चौकशी करतात, मग आपल्या शस्त्रांचा धाक घालतात आणि शेवटी म्हणतात, तू आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंतला वाटा देतो. धमकीने भागलं नाही की भागीदारी! यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात पणीचा अर्थ सरळ वणिक असाच दिला आहे. पण, पण्य आणि बाजार या अर्थाचा संस्कृत आपण हे शब्दही याच घरातले. डोंगराच्या पोटात ठेवा लपवणारी, दूतालाही वाटा देऊ करणारी व्यापारी जमात आपल्याकडे तीन हजार वर्षांपासून आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः हरखून गेलो होतो. तरीही तुमच्या कथेत पणी घालू नका, कारण त्यांच्या पाठोपाठ इंद्र, अंगिरस आणि गाई येणारच. उद्या स्वतःचं जग रचलंत तर मात्र त्यांना विसरू नका.

तेव्हा जमातीचं नाव गॉब्लिनच राहू द्या. मराठी खर्ची घालायची ती त्यांच्या वागण्यावर, आणि तिथे आपल्याकडे एक शब्द आयता तयार आहे: पाताळयंत्री.

हा शब्द आपण वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. पडद्याआडून सूत्रं हलवणारा पुढारी, भावाभावांत लावून देणारा नातेवाईक, सगळे पाताळयंत्री. आता शब्द उघडून बघा. पाताळ आणि यंत्र. वॉरक्राफ्टमधलं गॉब्लिनांचं मूळ बेट केझान, आणि त्यांची राजधानी अंडरमाइन त्या बेटाच्या पोटात, जमिनीखाली. ट्रोल नावाच्या दुसऱ्या एका जमातीने त्यांना गुलाम करून तिथल्या खाणींत जुंपलं, ते काजामाइट नावाचं खनिज काढायला. त्याच खनिजाच्या परिणामाने त्यांची बुद्धी तल्लख झाली, त्यांनी गुपचूप हत्यारं आणि यंत्रं बनवली आणि मालकांना उलथून टाकलं. अशी जमात शब्दशः पाताळयंत्री आहे आणि लक्षणेनेही. एका शब्दात दोन्ही अर्थ इतके चपखल बसण्याचा योग क्वचित येतो, तो दवडू नका. पण पानोपानी वापरूही नका, कथेत दोनदा आला तरी पुरे. एरवी साध्या दुकानदार गॉब्लिनला बेरकी म्हणा. बेरकी माणसाला फसवता येत नाही, पाताळयंत्री माणूस आपल्याला फसवतो. 'कावेबाज' या दोघांच्या मधला.

गॅलीविक्सला मात्र पाताळयंत्रीच शोभतं. वॉरक्राफ्टच्या २०१०च्या 'कॅटॅक्लिझम' या भागात केझानवर ज्वालामुखी फुटतो. लोक पळायला निघतात, आणि बिल्जवॉटर कार्टेलचा, म्हणजे गॉब्लिनांच्या एका व्यापारी संघटनेचा, हा प्रमुख त्यांना आपल्या जहाजात जागा देतो, आयुष्यभराची पुंजी घेऊन. जहाज निघाल्यावर कळतं की त्याने त्यांना गुलाम केलं आहे. हा प्रसंग लिहिताना 'तिकीट' शब्द वापरू नका. 'उतारू', 'उतराई', 'नावाडी' ही आपली भाषा आहे. त्यातही उतराई म्हणजे नदी उतरवून दिल्याचं मोल, आणि 'उतराई होणे' म्हणजे उपकार फेडणे. पुंजी घेऊन वर गुलाम करणाऱ्याच्या तोंडी "उतराई झाली नाही अजून" हे वाक्य किती भयंकर वाटेल, पाहा.

कार्टेलला मी 'पेढी' म्हणेन. पेढी म्हटलं की गादी, तक्क्या, मुनीम आणि खातेवही डोळ्यांसमोर येते. कार्टेलच्या प्रमुखाचा किताब 'ट्रेड प्रिन्स', त्यासाठी 'व्यापारी राजपुत्र' चालणार नाही, कारण तो कुणाचा पुत्र म्हणून गादीवर आलेला नाही. 'मक्तेदार' घ्या. मक्ता मिळवावा लागतो, टिकवावा लागतो आणि दुसरा कुणी जास्त बोली लावून तो हिसकावूही शकतो.

आता दुसरा प्रश्न. 'भाडोत्री सैनिक' चूक नाही, पण भाडोत्रीला मराठीत कायमचा डाग आहे: भाडोत्री गुंड, भाडोत्री गर्दी. गॉब्लिन स्वतःला कधीच भाडोत्री म्हणणार नाही. तो शब्द त्याच्या शत्रूंच्या तोंडी ठेवा. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. पगारी पायदळातला गारदी तिसरा, पण १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाल्यापासून त्या शब्दाला रक्ताचा वास आहे. स्वतःचं उडतं यंत्र घेऊन चाकरीला येणारा गॉब्लिन माझ्या मते शिलेदार नव्हे, कारण शिलेदारीत इभ्रत आहे. त्याच्यासाठी नुसतं 'पगारी' म्हणा: "हे आपले नाहीत, पगारी आहेत."

आणि काम स्वीकारण्याला शब्द एकच, सुपारी. आज सुपारी म्हटलं की खून आठवतो, पण जत्रेसाठी तमाशाचा फडही सुपारी घेतो, बँडवालाही घेतो आणि लग्न ठरलं की सुपारी फुटते. ती ठरल्या व्यवहाराची खूण आहे. याच्या समोर विडा ठेवा. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. विडा भर दरबारात उचलायचा असतो, त्यात प्रतिष्ठा पणाला लागते. सुपारीत रक्कम ठरते. त्या जगातले लढवय्ये ऑर्क विडा उचलतील, गॉब्लिन सुपारी घेतील. एवढा एक फरक पाळलात तर दोन्ही जमातींचे स्वभाव वेगळे सांगत बसावे लागणार नाहीत.

एक विनंती मनापासून. या गॉब्लिनांना आपल्याकडच्या कुठल्याही व्यापारी जातीचं किंवा समाजाचं नाव, बोली किंवा हेल देऊ नका. लांब नाकाचा, पैशाला हपापलेला खुजा व्यापारी हे चित्र युरोपात ज्यूंविरुद्ध फार वापरलं गेलं आहे आणि तिथे त्याचा फार वाईट इतिहास आहे. तोच साचा इथल्या जिवंत माणसांवर बसवायचं काम आपल्या हातून होऊ नये.

त्याऐवजी धंद्याची भाषा घ्या, ती कुणा एका जातीची नाही. लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजारात गेलो की मी दलालाच्या हाताकडे बघत बसायचो. तो आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालायचे. वरून चेहरे कोरे, आणि कापडाखाली बोटं दाबून आकडे चाललेले. बाजूला उभ्या असलेल्या मालकालाही भाव कळायचा नाही. मग एकदम हात बाहेर यायचा, विसार दिला जायचा आणि बैलाचं दावं दुसऱ्या हातात जायचं. एक पिवळट दिवा, मळका रुमाल आणि त्याखाली गॉब्लिनांचे दोन हिरवे हात, असा प्रसंग तुमच्या कथेत लिहा. विसार, दलाली, बट्टा, घासाघीस हे शब्द मग आपोआप येतील.

राहिलं लेखन. गॉब्लिन, 'ब्लि' ऱ्हस्व, व्हिटॅमिनसारखा. एक गॉब्लिन, दहा गॉब्लिन. गॉब्लिनने, गॉब्लिनांनी, गॉब्लिनांची पेढी. 'गॉब्लिन्स' असं अनेकवचन नको, आपण दहा 'डॉक्टर्स' न म्हणता दहा डॉक्टरच म्हणतो. बाईसाठी मास्तरीण, डॉक्टरीण यांच्या चालीवर गॉब्लिनीण सहज होतं. मी तरी तेच लिहीन.