रोमन ‘व्हिला’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडमधल्या चेडवर्थ इथल्या रोमन व्हिलाच्या अवशेषांवर मराठीत लिहायचे आहे. ‘व्हिला’ तसाच ठेवावा, की वाडा, बंगला, हवेली यांतला एखादा शब्द घ्यावा?

‘व्हिला’ ठेवाच, पण पहिल्या उल्लेखाला ‘शेतीवाडीवरचा वाडा’ अशी फोड करा. आज व्हिला म्हटले की मराठी वाचकाला लोणावळ्याचा किंवा गोव्याचा, पोहण्याचा तलाव असलेला भाड्याचा बंगला आठवतो. समुद्रकाठी श्रीमंत रोमनांचे निव्वळ विसाव्याचे व्हिलाही होते. पण रानातल्या बहुतेक व्हिलांचा पोटापाण्याचा धंदा शेतीच होता. कातो या शेतीवर लिहिणाऱ्या प्राचीन रोमन लेखकाने ऑलिव्हच्या 240 युगेरांच्या (युगेर हे रोमन जमीनमाप) मळ्यासाठी, म्हणजे सुमारे 60 हेक्टरांसाठी, 13 माणसे सांगितली आहेत. त्यांच्यातल्या मुख्य कारभाऱ्याला ‘विलिकुस’ म्हणत. हा शब्द ‘व्हिला’वरूनच आलेला आहे. विलिकुस बहुधा स्वतःही गुलाम असे, म्हणून ‘कारभारी’ लिहाल तिथे हे एकदा स्पष्ट करा. ‘गडीमाणसे’ हा शब्द मात्र टाळा, त्याने गुलामी झाकली जाते.

नुसता ‘वाडा’ का पुरत नाही? वाडा पेठेतही असतो आणि गावातही. लॅटिनमध्ये हा भेद पक्का आहे. रोमन कायद्याच्या भाषेत शहरातली इमारत ती ‘एडीस’, रानातली ती ‘व्हिला’, आणि इमारतीसकट शेतजमीन तो ‘फुंडुस’. म्हणून ‘व्हिलाची जमीन’ म्हणायचे असेल तिथे ‘मळा’ किंवा ‘जमीनजुमला’ लिहा. व्हिला म्हणजे फक्त बांधकाम. ‘हवेली’त शेती येत नाही. ‘बंगला’ हा बंगाली धाटणीच्या घरावरून आलेला अलीकडचा शब्द, तो रोमन काळाला शोभत नाही. ‘गढी’ तर चूकच, कारण गढीला तट-बुरूज हवेत आणि चेडवर्थला ते नाहीत.

व्युत्पत्तीत एक गोड साम्य आहे. ‘व्हिला’ आणि ‘विकुस’ (वस्ती) हे शब्द संस्कृत ‘विश्’, ‘वेश’ यांच्या कुळातले मानले जातात. आपला ‘वाडा’ दुसऱ्या कुळातला, ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आलेला, ‘वाटिका’वरून वाडी. पण पुढचा प्रवास सारखाच झाला. व्हिलावरून युरोपात खेड्याचा शब्द निघाला, आणि आपल्याकडे बागेची वाडी वस्तीची वाडी झाली.

आता अवशेषांचे शब्द. खरी गफलत इथे होते. चेडवर्थचा व्हिला 1864 मध्ये सापडला. तिथे जमिनीलगत विटांचे किंवा दगडांचे बुटके खांब ओळीने दिसतात. अनुवादात त्याला सर्रास ‘तळघर’ म्हणतात. ते तळघर नव्हे, फरशी तापवण्याची पोकळी आहे. तिला ‘हायपोकॉस्ट’ म्हणतात, म्हणजे ‘खालून तापवलेले’. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा या खांबांमधून फिरून भिंतीतल्या पोकळ नळ्यांतून वर जाई. विटांच्या खांबांसाठी साधारण 20 सेंटीमीटर चौरस विटा एकावर एक रचत, त्यांवर सुमारे 60 सेंटीमीटर चौरस मोठ्या विटा टेकवत आणि वर जाड फरसबंदी करत. वरची फरशी ढासळली की खांब उघडे पडतात. मराठीत ‘पोकळ तापती फरशी’ म्हटले तरी चालेल, पण ‘तळघर’ कदापि नको.

त्या फरसबंदीतला लालसर थर म्हणजे चुन्यात कुटलेल्या विटांचा चुरा. लॅटिन नाव ‘ओपुस सिग्निनुम’. यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. आपल्या गवंड्यांचा ‘चुना-सुरखी’ हा तयार शब्द आहे, तोच वापरा.

‘मोझॅक’ जपून वापरा. आपल्या घरांतली मोझॅक फरशी म्हणजे संगमरवरी खड्यांचे सिमेंट घालून घासलेली लादी. रोमन मोझॅक म्हणजे हाताने फोडलेले दगडाचे चौकोनी तुकडे एकेक करून बसवून काढलेले चित्र. ‘खड्यांची चित्रफरशी’ लिहिले की घोटाळा टळतो. चेडवर्थच्या भोजनदालनात अशा फरशीवर ऋतू चितारलेले आहेत.

‘भग्न वाडा’ म्हटल्यावर उभ्या भिंती डोळ्यांपुढे येतात. व्हिलाच्या भिंती बहुधा जोत्यापर्यंत किंवा त्याहून थोड्या वरपर्यंतच उरतात, म्हणून ‘जोती’ किंवा ‘पायाचे अवशेष’ अधिक नेमके.

लिंग पुल्लिंगीच ठेवा, वाडा-बंगल्याप्रमाणे. सामान्यरूप मात्र ‘व्हिल्यात’ न करता ‘व्हिलात, व्हिलाचा’.

तुमचे पहिले वाक्य असे करता येईल : ‘चेडवर्थच्या दरीत एका रोमन व्हिलाची, म्हणजे शेतीवाडीवरच्या वाड्याची, जोती आणि चित्रफरश्या आहेत, काही खोल्यांत फरशी तापवण्याच्या पोकळीतले खांबही उघडे दिसतात.’